जुन्या आउटबोर्डचा गिअर पडत नाही, सुटतो, कर्रर्र करतो: गिअरकेस उघडण्याआधी काय काय बघायचं

ठाण्याच्या खाडीतल्या जुन्या आउटबोर्ड इंजिनांची, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनांची, माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार गिअरची. दिवाळे असो, सारसोळे असो, वाशीगाव, ऐरोली किंवा पलीकडे ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा, फोनवर वाक्य एकच असतं: "दादा, गिअर गेला." बहुतेक वेळा गिअर गेलेला नसतो. हातातल्या लिव्हरपासून खालच्या पंख्यापर्यंतच्या (प्रोपेलरपर्यंतच्या) वाटेवर कुठेतरी काहीतरी ढिलं, जाम किंवा चुकीच्या जागी बसलेलं असतं. घाईने गिअरकेस, म्हणजे पंख्याजवळची गिअरची पेटी, उघडली तर दोष तिथे सापडत नाहीच, वर चांगली बसलेली सील आणि बेअरिंगं हलतात. म्हणून तपासणी वरून खाली आणि फुकटापासून महागाकडे करायची.

हे सगळं साध्या यांत्रिक शिफ्टच्या (गिअर बदलण्याच्या यंत्रणेच्या), साधारण ८ ते ४० हॉर्सपॉवरच्या इंजिनांबद्दल आहे. १९६० च्या दशकातल्या काही जॉन्सन आणि एव्हिनरूड इंजिनांत विजेवर चालणारा शिफ्ट होता, त्याचं तेलही वेगळं लागतं. तसलं इंजिन कोणाकडे असेल तर त्याला यातलं फारसं काही लागू नाही.

आधी लक्षणं नीट ओळखा

"गिअर गेला" या एका वाक्यात निदान सहा वेगळे आजार लपलेले असतात.

- लिव्हर जड झालाय, किंवा हलतच नाही.
- लिव्हर व्यवस्थित फिरतो, पण होडी जागची हलत नाही.
- गिअर पडताना खालून कर्रर्र किंवा खडखड आवाज येतो.
- गिअर पडतो, होडी चालते, पण थ्रॉटल वाढवला की धाड्‌कन सुटतो आणि लगेच पुन्हा पकडतो. हे सगळ्यात वाईट लक्षण.
- न्यूट्रल सापडत नाही. लिव्हर मधे आणला तरी होडी पुढे सरकतेच.
- पुढचा गिअर ठीक, मागचा पडत नाही. किंवा उलट.

न्यूट्रलमध्ये पंखा थोडा फिरताना दिसला तर घाबरू नका. आतलं तेल, विशेषतः थंड असताना, शाफ्टला थोडं ओढतं. जेट्टीला बांधलेल्या होडीची दोरी ताणली जात असेल तर मात्र ते न्यूट्रल नाही.

कुठलं लक्षण, कधी येतं, इंजिन गरम असताना की थंड, शेवटचं काम काय केलं होतं, हे एका कागदावर लिहून ठेवा. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. का, ते पुढे येईल.

आत नेमकं काय होतं

हे समजलं की निम्मी तपासणी आपोआप सुचते. इंजिनातून खाली येणाऱ्या उभ्या शाफ्टच्या टोकाला एक छोटा दातेरी गिअर असतो, पिनियन. त्याला पुढून एक आणि मागून एक असे दोन गिअर कायम जुळलेले असतात. इंजिन चालू असलं की हे दोन्ही सतत फिरत असतात, पण एकमेकांच्या उलट दिशेने. पंख्याचा शाफ्ट या दोघांच्या मधून मोकळा जातो. शाफ्टवर खाचांमध्ये सरकणारा एक ठोकळा असतो, त्याला डॉग क्लच म्हणतात. डॉग पुढे सरकला की त्याची शिंगं पुढच्या गिअरच्या शिंगांत अडकतात आणि होडी पुढे जाते. मागे सरकला की रिव्हर्स. मधे राहिला की न्यूट्रल. गाडीतल्यासारखा पायाने दाबायचा क्लच इथे नाही. फिरत्या लोखंडात थांबलेलं लोखंड थेट घुसवायचं असतं.

या शिंगांच्या कडा काटकोनी, धारदार असाव्या लागतात. बऱ्याच इंजिनांत त्या आतल्या बाजूला किंचित तिरप्या घासलेल्या असतात, म्हणजे जोर आला की दोन्ही भाग एकमेकांना आत ओढून घेतात. कडा गोल झाल्या की हेच उलटं होतं. जोर जितका जास्त, तितके ते एकमेकांना बाहेर ढकलतात. थ्रॉटल वाढवल्यावर गिअर सुटतो तो म्हणून.

शिंगांच्या कडा गोल होण्याचं सगळ्यात मोठं कारण वय नाही, सवय आहे. इंजिनाला जपायचं म्हणून पुष्कळ जण लिव्हर हळूहळू, हलक्या हाताने सरकवतात. त्याने डॉगची शिंगं फिरत्या गिअरच्या शिंगांवरून नुसती आपटत जातात आणि प्रत्येक वेळी कडेचा कण उडतो. गिअर टाकायचा तो कमीत कमी रेसवर आणि एका झटक्यात, मधे न रेंगाळता. "अरे, मोडेल ना!" असं जुनी माणसं म्हणतात. काका, हळू टाकलात तर मोडेल.

कुठल्याही तपासणीआधी

किल-स्विचची, म्हणजे इंजिन झटक्यात बंद करणाऱ्या बटणाची, दोरी काढा. स्पार्क प्लगच्या टोप्या काढून बाजूला घ्या. पंख्याला हात लावायच्या आधी हे दोन्ही करायचं, दरवेळी. हाताने पंखा फिरवला तर गिअरमध्ये असलेलं इंजिन फिरतं, आणि गरम टू-स्ट्रोक इंजिन तेवढ्या फिरण्यानेही एखादा धक्का मारू शकतं. बोटं पंख्यातच असतात तेव्हा.

दुसरी गोष्ट: इंजिन बंद असताना लिव्हर जोर लावून ढकलू नका. शिंगासमोर शिंग आलं असेल तर तो पडणारच नाही, आणि ताकद लावली की वरची पिन नाहीतर लिव्हरपासून खाली जाणारी शिफ्टची सळी वाकते. एकाने पंखा हाताने हळू फिरवायचा, दुसऱ्याने लिव्हर टाकायचा. याच पद्धतीने बंद इंजिनावर तिन्ही जागा तपासता येतात. न्यूट्रलमध्ये पंखा दोन्हीकडे मोकळा फिरला पाहिजे. रिव्हर्समध्ये तो अडला पाहिजे. फॉरवर्डमध्ये काही इंजिनांत एका दिशेला अडतो आणि दुसऱ्या दिशेला टकटक करत सुटतो. ती रचनाच तशी असते, दोष नव्हे.

पहिली तपासणी, फुकटातली: रेस

कर्रर्र आवाज येत असेल, गिअर धाड्‌कन पडत असेल, किंवा पडलेला गिअर काढताना अडकत असेल, तर आधी आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन ज्या रेसवर चालतं ती, बघा. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला "बंद पडतं" म्हणून कोणीतरी आयडलचा स्क्रू आवळून ठेवलेला असतो. मग न्यूट्रलमध्ये इंजिन मिनिटाला पंधराशे फेऱ्यांवर भणभणतं आणि त्याच रेसवर गिअर टाकला जातो. बहुतेक जुन्या इंजिनांचं आयडल हजाराच्या खाली असतं, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात बघा. प्लगच्या वायरीला गुंडाळायचं फेऱ्या मोजणारं छोटं टॅकोमीटर मिळतं, फार महाग नसतं. कानावर भरवसा ठेवण्यापेक्षा ते बरं.

आयडल बसवायचं ते होडी जेट्टीला दोन्हीकडून घट्ट बांधून, इंजिन गरम करून, पाण्यातच. पिंपात बुडवून लावलेलं आयडल खाडीत आल्यावर बदलतं. कमी रेसवर इंजिन बंदच पडत असेल तर दोष कार्ब्युरेटरचा, प्लगचा किंवा हवा शोषणाऱ्या गॅस्केटचा आहे. तो आधी काढा. स्क्रू आवळून तो झाकला की किंमत गिअर मोजतो. सकाळी थंड इंजिन चोकवर जोरात फिरत असतं तेव्हाही गिअर टाकू नका. दोन मिनिटं थांबलं की पुरतं.

दुसरी: पंखा

लिव्हर नीट पडतो, खालून टक् आवाजही येतो, पण होडी जात नाही किंवा रेस वाढवली की इंजिन नुसतं ओरडतं? मग गिअरकडे बघूच नका, पंख्याकडे बघा.

अगदी लहान, दोन ते पाच हॉर्सपॉवरच्या जुन्या इंजिनांत पंखा एका मऊ पिनेवर फिरतो. दगडाला लागला की पिन तुटते आणि गिअर वाचतो. तिच्या जागी खिळा किंवा स्टीलचा बोल्ट घालू नका. पुढचा दगड मग गिअरचा घास घेतो.

त्याहून मोठ्या इंजिनांत पंख्याच्या पोटात रबराचा बुश असतो. तो सैल झाला की शाफ्ट फिरतो आणि पाती मागे राहतात. कमी रेसवर होडी चालते, जास्तीवर सुटते. गिअर सुटल्यासारखंच वाटतं, पण एक फरक आहे. बुश घसरताना आवाज सलग चढतो. गिअर सुटताना धाड-धाड असे झटके बसतात आणि ते हातापर्यंत येतात. खात्री करायची सोपी युक्ती: पंख्याच्या मधल्या धातूच्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ मारा. होडी चालवून आणा. रेघ तुटून दोन तुकडे सरकलेले दिसले तर बुश गेलाय. गिअर सेटच्या तुलनेत हा खर्च किरकोळ.

पंखा काढलाच आहे तर मागचा शाफ्ट बघा. आपल्या खाडीत हे टाळून चालत नाही. जाळ्याचा नायलॉन, गळाची तंगूस, प्लॅस्टिकच्या पिशव्या शाफ्टवर गुंडाळल्या जातात, घर्षणाने वितळून तिथे कडक वळं होतं आणि ते हळूहळू ऑइल सील कापतं. पंखा नुसता बाहेरून बघून हे दिसत नाही, काढावाच लागतो. वळं ब्लेडने न कापता हाताने किंवा लाकडी काडीने उलगडा, नाहीतर सीलची ओठं आपणच कापतो. परत बसवताना शाफ्टच्या खाचांना मरीन ग्रीस लावा, वायसर होते त्याच क्रमाने घाला आणि कॉटर पिन नवी टाका.

तिसरी: थ्रॉटलचं कुलूप

हातात धरायच्या टिलर इंजिनांत बरेचदा एक अडसर असतो. थ्रॉटलची मूठ "शिफ्ट" किंवा "स्लो"च्या खुणेवर आल्याशिवाय लिव्हर हलू देत नाही. जास्त रेसवर गिअर पडू नये म्हणून ही सोय. थ्रॉटलची वायर ताणली गेली किंवा ढिली झाली की मूठ खुणेवर दिसते, पण आतला भाग पोचलेला नसतो. मग माणूस लिव्हरवर ताकद लावतो. कव्हर काढून मूठ पूर्ण मागे फिरवा आणि कार्ब्युरेटरजवळची पट्टी खरंच पूर्ण बंद होतेय का ते बघा. होत नसेल तर वायरीच्या नटांनी जुळवून घ्या.

याच ठिकाणी आणखी एक बघा. इंजिन गिअरमध्ये असताना चालू होता कामा नये, त्यासाठी वेगळा अडसर असतो. जुन्या इंजिनांत तो तुटलेला किंवा मुद्दाम काढून टाकलेला सापडतो. तो परत बसवा. दोरी ओढली आणि होडी उसळली की उभा माणूस पाण्यात जातो, पंख्याच्या बाजूला.

चौथी: लिव्हरपासून सळीपर्यंतची जोडणी

माझ्या अनुभवात दोष सर्वांत जास्त वेळा सापडतो तो इथे, आणि इथेच कोणी बघत नाही, कारण हे सगळं कव्हरखाली तेलकट अंधारात असतं.

एकाला लिव्हर अगदी हळू हलवायला सांगा आणि तुम्ही टॉर्च घेऊन खाली जाणाऱ्या शिफ्टच्या सळीकडे बघा. लिव्हर हलायला लागल्यापासून सळी हलेपर्यंत किती अंतर वाया जातं? हातातली हालचाल पूर्ण सळीपर्यंत पोचली पाहिजे. मधले नायलॉनचे बुश झिजलेले, कॉटर पिन गळून तिच्या जागी तांब्याची तार, छिद्र लांबट झालेलं, असं प्रत्येक सांध्यात थोडं थोडं मिळून इतकं वाया जातं की डॉग अर्ध्यावरच थांबतो. अर्धवट अडकलेला डॉग कडेवर कडा घासत चालतो, आणि चांगला गिअर एका हंगामात खराब होतो. एवढ्याशा बुशसाठी.

हे बुश मूळ कंपनीचे न मिळाले तर तुर्भे, रबाळे किंवा महापेच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही लेथवाल्याकडे जुना नमुना आणि पिन घेऊन जा. नायलॉनचा बुश तो करून देईल. मात्र तोच लेथवाला "डॉगची शिंगं वेल्डिंगने भरून घासून देतो" म्हणाला तर नको म्हणा. त्या धातूला वरून कडकपणा दिलेला असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने तो जातो. वर्कशॉपमध्ये दिसायला छान दिसतं आणि खाडीत काही दिवसांत पुन्हा सुटतं, तेही आता दुरुस्त न होण्यासारखं.

लिव्हर जड असेल तर कारण बहुधा वाळलेलं ग्रीस आणि मीठ. लिव्हरचा आडवा शाफ्ट ज्या बुशमधून जातो तिथे पांढरी बुरशीसारखी पावडर दिसेल. ते ॲल्युमिनियमचं गंजणं आहे. गंज सोडवणारा स्प्रे मारा, रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी थोडं थोडं हलवत मोकळं करा, मग स्प्रे पुसून मरीन ग्रीस भरा. स्प्रे म्हणजे ग्रीस नव्हे, तो चार दिवसांत उडून जातो. हातोडी नको.

न्यूट्रल सापडत नसेल तर खटका बघा. लिव्हर तीन जागी "बसल्याचा" जो आवाज आणि अनुभव येतो तो एका छोट्या गोळीचा आणि स्प्रिंगचा किंवा पत्तीचा असतो. स्प्रिंग तुटली की लिव्हर कुठेही तरंगतो, आणि इंजिनाच्या थरथरीने गिअर आपोआप सरकतो. बदलायला सोपं, स्वस्तही.

मागचा गिअर पडतो पण इंजिन पाण्यातून वर उचललं जातं, अशी तक्रार असेल तर ती गिअरची नाहीच. रिव्हर्समध्ये इंजिन खाली धरून ठेवणारा आकडा लिव्हरशी जोडलेला असतो. तो गंजून जाम होतो किंवा त्याची स्प्रिंग जाते. उथळ पाण्यासाठी इंजिन थोडं वर अडकवून चालवत असाल तर त्या स्थितीत तो आकडा धरत नाही, त्यामुळे रिव्हर्स वापरूच नका.

पाचवी: केबल, रिमोट असेल तर

स्टिअरिंग आणि बाजूला रिमोट लिव्हर असलेल्या होडीत एका साध्या चाचणीने दोष अर्ध्यावर येतो. इंजिनाच्या टोकाची शिफ्ट केबल काढा. काढण्याआधी टोकाच्या पेचाचे किती आटे आत आहेत ते मोजून लिहा. आता पंखा फिरवत इंजिनावरचा दांडा हाताने हलवा. सहज तिन्ही गिअर पडले तर इंजिन निर्दोष, दोष केबलचा किंवा रिमोटचा. हातानेही जड गेलं तर केबल बदलून पैसे घालवू नका, दोष पुढे आहे.

सुटी केबल रिमोटने हलवून बघा. अडकत, थांबत चालली तर आत पाणी शिरून गंज धरलाय. वरचं प्लॅस्टिक कुठे फुगलंय किंवा चिरलंय का ते हात फिरवून बघा. अशा केबलमध्ये तेल सोडून ती वाचत नाही, बदलायची. नवी घेताना लांबी तीच घ्या आणि वळणं मोठी ठेवा, वीतभर त्रिज्येच्या आत वळवू नका. जोडताना रिमोट न्यूट्रलला, इंजिन न्यूट्रलला, आणि केबलचं टोक न ओढता पिनेवर अलगद बसेल असं फिरवून घ्या. पेच टोकात किमान ८ मिलिमीटर आत असला पाहिजे, नाहीतर भर खाडीत टोकच निसटतं.

सहावी: गिअर ऑइल, म्हणजे इंजिनाची रक्ततपासणी

खर्च थोडा, आणि आत न बघता आतलं इतकं सांगणारं दुसरं काही नाही.

इंजिन उभं ठेवून रात्रभर स्थिर राहू द्या. पाणी तेलाहून जड, ते तळाला बसतं. सकाळी खालचा स्क्रू अगदी थोडा सैल करा. आधी पाण्याचे थेंब आले तर निदान तिथेच झालं. मग भांडं धरून खालचा आणि वरचा दोन्ही स्क्रू काढा. वरचा काढल्याशिवाय तेल नीट उतरत नाही.

इथे एक इशारा. जुन्या जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या बऱ्याच मॉडेलांत तळाच्या स्क्रूजवळच फुलीच्या खाचेचा आणखी एक स्क्रू असतो. त्यावर आतल्या शिफ्टच्या चिमट्याची पिन टेकलेली असते. तो ड्रेन समजून काढला तर आतला भाग जागेवरून पडतो आणि पूर्ण गिअरकेस उघडावी लागते. तेलाचा स्क्रू मोठा, सपाट खाचेचा असतो.

तेल मधासारखं किंवा गडद तपकिरी: ठीक. काळं, जळका वास: जुनं झालंय, बदला. दुधाळ, चहासारखं: पाणी शिरलंय. बोटांत चोळून बघा, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक तेलातून फिरवा. चुंबकावर राखाडी लोण्यासारखा बारीक लेप आला तर ती रोजची झीज. चमकणाऱ्या पापुद्र्या, टोचणारे कण, एका बाजूने सपाट तुकडा आला तर तो शिंगाचा किंवा दाताचा तुकडा आहे. इंजिन पुढे चालवू नका.

पाण्यामुळे गिअर लगेच सुटत नाही, पण बेअरिंगं गंजतात आणि शिफ्टची आतली दट्ट्याची पिन जाम व्हायला लागते. लिव्हर जड होण्याचं हेही एक कारण. पाणी बहुधा तीन वाटांनी येतं: स्क्रूखालचे जुने वायसर, पंख्याच्या शाफ्टचं सील, शिफ्टच्या सळीचं सील. आधी दोन्ही स्क्रूंचे वायसर नवे घालून नवं तेल भरा, तासभर चालवा, पुन्हा थेंबभर काढून बघा. स्वच्छ राहिलं तर सुटलात. सील घ्यायला मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला गेलात तर नुसत्या मापावर घेऊ नका. आतली स्प्रिंग स्टेनलेसची आहे का ते विचारा. साध्या स्टीलची स्प्रिंग खाऱ्या पाण्यात टिकत नाही.

तेल खालच्या भोकातून वर चढवत भरायचं, वरच्या भोकातून बुडबुड्याविना येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावा, नंतर खालचा. वरून ओतलं तर हवा अडकते, भरल्यासारखं वाटतं आणि वरचा भाग कोरडा राहतो. तेल कुठलं ते पुस्तकात बघा. बऱ्याच इंजिनांना ९० नंबरचं हायपॉइड गिअर ऑइल लागतं.

सातवी: "शेवटचं काम काय केलं होतं?"

ठाण्याच्या खाडीत ओहोटीला गाळ ढवळत जावं लागतं. तो गाळ पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर खातो, म्हणून आपल्याकडे इंपेलर वारंवार बदलला जातो. इंपेलर बदलायला गिअरकेस खाली उतरवावी लागते, आणि ती उतरवायला शिफ्टची सळी मधल्या जोडावर सोडावी लागते. बसवताना वरचा लिव्हर एका गिअरमध्ये आणि खालचा डॉग दुसऱ्यात असेल, किंवा जोडाचा नट दोन आटे कमी-जास्त बसला, तर सगळं नवं असूनही गिअर बिघडतो. इंपेलर बदलल्यानंतर फॉरवर्ड ठीक आणि रिव्हर्स नाही, किंवा न्यूट्रल हरवलं, तर ९०-१० चा सौदा समजा: सळीची जुळवणी चुकली आहे.

जोड कुठे असतो ते मॉडेलवर आहे. काहींत मधल्या पायाच्या (इंजिन आणि गिअरकेस यांच्यामधल्या उभ्या भागाच्या) बाजूच्या रबरी टोपीमागे, काहींत गिअरकेस आणि पायाच्या फटीत. सोडण्याआधी वरचे किती आटे दिसतात त्याचा मोबाइलवर फोटो काढा. जुळवताना वरचा लिव्हर आणि खालची सळी एकाच गिअरमध्ये हव्यात, कुठल्या, ते तुमच्या मॉडेलचं पुस्तक सांगतं. खालची सळी पकडीने हलवून तिन्ही जागा मोजा, मग दोन्ही टोकं न ओढता जुळतील असा जोड फिरवा आणि लॉकनट आवळा. पडताळणी अशी: न्यूट्रलपासून फॉरवर्ड पकडेपर्यंत आणि न्यूट्रलपासून रिव्हर्स पकडेपर्यंत लिव्हरची चाल दोन्हीकडे साधारण सारखी हवी. एका बाजूला लगेच आणि दुसऱ्या बाजूला अगदी टोकाला पकडत असेल तर अजून जुळलेलं नाही.

हे काम संयमाचं आहे, पण घरी होण्यासारखं आहे. गिअरकेसचे बोल्ट सहज सुटत असतील तरच. मिठाने धरलेल्या बोल्टवर लांब पाना लावून लटकू नका, डोकं तुटतं आणि ॲल्युमिनियममध्ये अडकलेला बोल्ट काढणं वेगळंच दुखणं होऊन बसतं.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

सळी जुळली, जोडणीत वाया जाणारं अंतर नाही, पंख्याचा बुश चांगला, आयडल बरोबर, आणि तरीही जोर आला की गिअर सुटतो. मग डॉग आणि गिअरची शिंगं झिजली आहेत. तेलात धातूचे तुकडे आले. न्यूट्रलमध्ये पंखा हाताने फिरवताना खरखर लागते किंवा शाफ्ट वरखाली हलतो. नवे वायसर घालूनही तेल पुन्हा दुधाळ झालं. यातलं एकही असेल तर पाना खाली ठेवा.

गिअरकेसच्या आत काम म्हणजे नुसते भाग बदलणं नाही. मागचं बेअरिंगचं घर ओढायला पुलर लागतो, पिनियनचा नट ठरलेल्या ताकदीने आवळावा लागतो, आणि गिअरांमधली फट पातळ शिम (चकत्या) घालून मिलिमीटरच्या शंभराव्या भागात जुळवावी लागते. ती चुकली तर नवे गिअर आवाज करत मरतात. डॉग बदलताना ज्या गिअरशी तो घासला तो गिअरही बदलायला हवा. नवा डॉग जुन्या गोल शिंगांत घातला तर तोही गोल होतो. मेकॅनिक दोन्ही बदला म्हणाला तर तो लुबाडत नाहीये.

मेकॅनिककडे जाताना लक्षणं लिहिलेला तो कागद, काढलेलं तेल बाटलीत, चुंबकावर आलेले तुकडे आणि इंजिनाच्या ब्रॅकेटवरचा मॉडेल नंबर घेऊन जा. त्याचा निम्मा दिवस वाचतो. दुरुस्ती पावसाळ्याआधी टाकता आली तर उत्तम. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होडी वर असते, भाग मागवायला वेळ मिळतो, आणि नारळी पौर्णिमेच्या तोंडावर सगळ्यांची एकदम गर्दी होते ती टळते.

तोवर गिअर सुटणारं इंजिन घेऊन खाडीत जाऊ नका. उधाणाच्या ओहोटीला वाशी आणि ऐरोली पुलांच्या खांबांमध्ये पाणी किती ओढतं ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि तिथे गिअर सुटला तर होडी आडवी होऊन खांबावर जाते. फ्लेमिंगो दाखवायला माणसं नेणाऱ्यांनी तर असं इंजिन एकाही फेरीला लावू नये. पाण्यातच गिअर गेला तर आधी नांगर टाका, मग इंजिनाकडे बघा. वल्ही होडीत कायम हवीत. पुढचा गिअर गेला आणि मागचा चालू असेल तर अगदी कमी रेसवर उलटं येता येतं, पण मागची बाजू बुटकी असते आणि लाटेचं पाणी आत येतं, म्हणून सगळ्यांना पुढे बसवा.

दुरुस्तीनंतरची चाचणी जेट्टीला बांधून करा, भरती असताना, बरोबर दुसरा माणूस ठेवून. आयडलवर तिन्ही गिअर झटक्यात टाकून बघा. मग फॉरवर्डमध्ये थ्रॉटल हळूहळू अर्ध्यापर्यंत न्या आणि दोरी ताणलेली असताना सुटतो का बघा. दोरी आणि खुंटी दोन्ही मजबूत आहेत याची खात्री आधी करा. आतले भाग नवे घातले असतील तर पहिल्या दहा तासांनी गिअर ऑइल पुन्हा बदला, त्यात सुरुवातीची झीज येते. पुढे दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा.